मधोमध दणका, कडेला शुकशुकाट: भाड्याच्या सबवूफरला जागा शोधताना

ही पोस्ट दीडशे ते तीनशे खुर्च्यांच्या हॉलसाठी आहे: शाळेचं सभागृह, समाजमंदिर, मिनी थिएटर, सोसायटीचं क्लबहाउस. ठाण्याचं गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह यांसारख्या मोठ्या जागांचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही. लहान हॉलमध्ये एकांकिकेला, नृत्याच्या कार्यक्रमाला साउंड भाड्यानं येतो: दोन टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर), दोन बेस (खालच्या सुरांच्या पेट्या, म्हणजे सबवूफर), एक मिक्सर. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून टेम्पो उशिरा पोचतो, पेट्या रंगमंचाच्या दोन कडांना उतरतात आणि तिथेच राहतात. मग तक्रारी येतात, आणि त्या दर वेळी त्याच असतात.

लक्षणं

- हॉलच्या मध्यरेषेवर छाती हलते. तिथून चार-पाच खुर्च्या बाजूला सरकलं की ढगांच्या गडगडाटातला गडगडाटच निघून जातो, नुसती खरखर उरते.
- मागच्या भिंतीपाशी उभं राहिलं की बेस घुमतो आणि संवादातले शब्द गिळतो.
- दोनपैकी एक बेस बंद केला तर बेस कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.
- प्रेक्षकांपेक्षा रंगमंचावरच बेस जास्त. नटांना एकमेकांची वाक्यं ऐकू येत नाहीत, पायाशी ठेवलेले माइक ‘घूं’ करायला लागतात.
- ठरावीक एखाद्या सुराला फॉल्स सीलिंग, लाइट किंवा रिकामी खुर्ची थरथरते.
- काहीच वाजत नसताना सतत बारीक गुरगुर.

यावर साउंडवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘साहेब, एक बेस अजून टाकू का?’ नको म्हणा. शेवटचं लक्षण सोडलं तर या यादीतलं बहुतेक सगळं जागेमुळे आणि जोडणीमुळे होतं, ताकद कमी पडल्यामुळे नाही. तिसरी पेटी आणली की भाडं वाढतं आणि मध्यरेषेवरचा दणका आणखी वाढतो. कडेच्या खुर्च्या होत्या तशाच राहतात.

आधी चाला

याला पैसे लागत नाहीत. फोनवर सूर वाजवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, मिक्सरला जोडा आणि ४०, ५०, ६३, ८० आणि १०० हर्ट्झचे सूर एकेक करून वाजवा. आवाज बेताचाच ठेवा. सलग सूर मोठ्यानं वाजवत ठेवला की स्पीकरची कॉइल तापते, आणि जळली तर डिपॉझिट गेलं. प्रत्येक सुराला पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, भिंतीकडून भिंतीकडे चाला. जिथे सूर विरतो, म्हणजे खड्डा पडतो, त्या खुर्चीच्या पाठीला इलेक्ट्रिकच्या टेपचा तुकडा लावा आणि त्यावर पेनानं आकडा लिहा.

गाणं लावून चालू नका. गाण्यात बेस सारखा बदलत असतो, त्यामुळे खड्डा जागेचा की गाण्याचा हे कळत नाही. नाटकाचं स्वतःचं पार्श्वसंगीत अगदी शेवटी, खात्री करायला.

हे चालणं टाळू नका असं मी सांगतो त्याला एक कारण आहे. लहान हॉलमध्ये मिक्सर एक तर मागे मधोमध असतो, नाही तर काचेआडच्या केबिनमध्ये. मधोमध बसलेल्या ऑपरेटरला सगळ्यात जास्त बेस मिळतो, केबिनमधल्याला त्यातला थोडाच कळतो. दोघंही प्रामाणिकपणे सांगतात की ‘बरोबर आहे’, आणि डावीकडच्या चाळीस खुर्च्या बिनबेसचं नाटक बघतात.

एक पेटी बंद करा

आता एकच बेस चालू ठेवून ऐका, मग दुसरा एकटा, मग दोन्ही. दोन्ही चालू केल्यावर मध्यरेषेवरसुद्धा बेस कमी झाला, तर पेट्या एकमेकींना मारतायत. एकीच्या स्पीकरचा पडदा (हलणारा कोन) पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो. भाड्याच्या मालात हे नेहमीचं आहे. पेट्या दोन वेगळ्या लॉटमधून येतात, कुणीतरी कधीतरी केबल तुटल्यावर घाईत डाग देऊन जोडलेली असते आणि तारा उलट लागलेल्या असतात.

अ‍ॅक्टिव्ह बेस (अ‍ॅम्प्लिफायर पेटीतच असलेला) असेल तर मागच्या पत्र्यावर फेज किंवा पोलॅरिटीचं बटण असतं. एकाच पेटीचं दाबून बघा. बटण दाबल्यावर बेस भरला तर केबल दोषी. ती बदला, बटण परत होतं तसं करा. बटणावर भागवलं तर पुढच्या प्रयोगाला चांगली केबल येईल आणि ते दाबलेलं बटण कुणाच्या लक्षात नसेल.

पॅसिव्ह पेटीत (अ‍ॅम्प्लिफायर बाहेर असलेल्या) स्पीकॉन, म्हणजे स्पीकरच्या केबलचा गोल फिरवून बसवायचा प्लग, बघा. चार पिनांच्या स्पीकॉनमध्ये दोन जोड्या असतात, १ अधिक-उणे आणि २ अधिक-उणे. काही बेस पहिल्या जोडीवर वाजतात, काही दुसऱ्या. पेटी ठार बंद असेल तर अ‍ॅम्प्लिफायरला हात लावण्याआधी मागच्या पत्र्यावर काय छापलंय ते वाचा. आणि स्पीकॉन आत घालून फिरवला, ‘टक्’ झालं, तरच तो बसला. नुसता ढकललेला स्पीकॉन तालमीत वाजतो आणि दुसऱ्या घंटेला कुणाचा तरी पाय लागून सुटतो.

तरीही शंका असेल तर केबल अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा आणि तिच्या मोकळ्या टोकाला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी क्षणभर टेकवा. जाळीतून टॉर्च मारून बघा, पडदा पुढे येतो की मागे. दोन्ही पेट्यांचा एकाच दिशेला हलला की झालं. हा प्रकार फक्त पॅसिव्ह पेटीवर करायचा, अ‍ॅक्टिव्हवर कधीच नाही. ज्या पेटीत स्पीकर आत दडलेला आहे तिथे दिसणार काहीच नाही, तिथे कानावरच भरवसा.

दोन्ही पेट्या एकत्र आणा

मला एकच उपाय सांगायला सांगितला तर मी हाच सांगेन. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, आणि ‘मधे दणका, कडेला खड्डा’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते.

कारण साधं आहे. आवाज सेकंदाला जवळपास ३४५ मीटर जातो, म्हणजे ५० हर्ट्झची एक लाट साधारण ७ मीटर लांब. समजा पेट्या रंगमंचाच्या दोन कडांना, एकमेकींपासून ९ मीटरवर आहेत. मध्यरेषेपासून ३ मीटर बाजूला आणि पेट्यांच्या ओळीपासून ६ मीटर मागे एक खुर्ची घ्या. तिला जवळची पेटी सव्वासहा मीटरवर पडते, लांबची साडेनऊच्या थोडी पुढे. फरक जवळपास साडेतीन मीटर, म्हणजे ५० हर्ट्झची बरोबर अर्धी लाट. एकीचा दाब वाढतो तेव्हा दुसरीचा कमी होतो आणि दोघी मिळून त्या खुर्चीवरचा ५० हर्ट्झ पुसून टाकतात. आणखी बाजूच्या खुर्चीवर हाच खड्डा ४० हर्ट्झला पडतो, आतल्या बाजूला सरकलं की ७० ला. मध्यरेषेवर मात्र दोन्ही आवाज एकाच वेळी पोचतात आणि बेस दुणावतो. म्हणून आवाज वाढवून कडेचे लोक कधीच खूश होत नाहीत. जेवढं वाढवाल तेवढंच पुसलं जातं.

दोन्ही पेट्या चिकटवून ठेवल्या की त्या एका मोठ्या पेटीसारख्या वागतात. अंतराचा फरक उरतच नाही, त्यामुळे खड्डा पडायला कारण राहत नाही. शिवाय एका पेटीच्या तुलनेत जवळपास ६ डेसिबल जास्त मिळतात, तेही सगळ्या हॉलभर.

सगळ्यात चांगली जागा रंगमंचाच्या पुढ्यात, मधोमध, खाली जमिनीवर. पेट्या आडव्या ठेवल्या तर पहिल्या रांगेच्या नजरेत येत नाहीत. तिथे नाचाचा प्रवेश असेल किंवा पहिली रांग अगदी अंगावर असेल, तर दोन्ही एकाच कडेला, एकीवर एक. ‘मग आवाज एकीकडूनच येईल ना?’ हा प्रश्न हमखास येतो. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं समजत नाही. दिशा कळते ती वरच्या सुरांवरून, आणि ते टॉपमधून येतात. बेसला १२० च्या वरपर्यंत मोकळं सोडलं असेल किंवा पेटीची जाळी खडखडत असेल, तर मात्र दिशा कळते. त्या दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात.

निर्माता म्हणेल, दोन्हीकडे पेट्या दिसल्या की भारदस्त वाटतं. रिकामी पेटी ठेवा म्हणावं.

भिंत: एक तर चिकटून, नाही तर खूप लांब

‘पेटीला हवा लागू दे’ म्हणून ती भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढायची सवय आहे. बेस सगळ्या दिशांना जातो. भिंतीवर आपटून परत आलेली लाट पुढे निघालेल्या लाटेत मिसळते. स्पीकर भिंतीपासून १.२ मीटरवर असेल तर परतीची लाट २.४ मीटर जास्त चालून येते आणि ७२ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते. एक मीटरवर असेल तर ८६ ला. नेमका ढोलकीचा, पखवाजाचा, दार आपटण्याचा भरणा तिथे असतो.

अंतर मोजायचं ते पेटीच्या पाठीपासून नाही, स्पीकरच्या पडद्यापासून. अठरा इंची बेसची खोलीच पाऊण मीटरच्या आसपास असते, म्हणजे पाठ भिंतीला टेकवूनही पडदा पाऊण मीटर पुढे. म्हणून मी पेटीची कूस भिंतीला लावतो. बेसचं तोंड कुठे आहे यानं प्रेक्षकाला जवळजवळ फरक पडत नाही, पडदा भिंतीजवळ आला की खड्डा बेसच्या पट्ट्याबाहेर वर निघून जातो. अ‍ॅक्टिव्ह पेटीच्या मागच्या पत्र्यासमोर वीतभर जागा मोकळी ठेवा, ती खरंच हवेसाठी असते.

कोपरा हा भिंतीचा थोरला भाऊ. तिथे बेस भरपूर मिळतो, पण घुमणाराही तोच. पेट्या कमी असतील आणि हॉल पडद्यांनी, गादीच्या खुर्च्यांनी भरलेला असेल तर कोपरा वापरा. उघड्या भिंती आणि लादी असलेल्या शाळेच्या हॉलमध्ये कोपऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

विंगेत मात्र नको. काळा पडदा बेसला अडवत नाही, पण पुढची विटांची कमान अडवते. विंगेतली पेटी आधी रंगमंच भरते आणि उरलंसुरलं प्रेक्षकांना देते.

पोकळ रंगमंच आणि खडखड

लाकडी रंगमंच खालून पोकळ असतो. त्यावर बेस ठेवला की सगळी फळी वाजायला लागते, आणि तिच्यावरच पायाशी ठेवलेले माइक असतात. पेटी ठेवलेल्या जागेपासून दोन हातांवर फळीवर पाच रुपयांचं नाणं ठेवा आणि सूर ४० पासून १०० पर्यंत हळूहळू वर न्या. नाणं ज्या सुराला किणकिणतं तो सूर माइकांत शिरणार. पेटी खाली हॉलच्या लादीवर घ्या. तशी जागाच नसेल तर खाली जाड रबरी मॅट घाला. त्यानं थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

तोच सूर वर नेताना हॉलमध्ये काय थरथरतं तेही बघून घ्या. लाइटच्या पुढच्या पट्ट्या, एसीची जाळी, सीलिंगची सैल टाइल. टेपचा तुकडा, कापडाची घडी, संपलं. बऱ्याचदा ‘स्पीकर फाटलाय’ ही तक्रार एसीच्या जाळीची असते.

मिक्सरवरचं काम

इथून पुढे हात सांभाळून.

टॉप आणि बेस यांची वाटणी बघा. बेसला वरची सीमा आणि टॉपला खालची सीमा, दोन्ही ९० ते १०० हर्ट्झच्या आसपास असाव्यात. पुष्कळ वेळा बेसला सीमा घातलेली असते पण टॉप मोकळे असतात. मग ७० ते १०० हा पट्टा दोन ठिकाणांहून वाजतो आणि कुठे दुप्पट होतो, कुठे नाहीसा.

मग माइक. प्रत्येक माइकच्या चॅनेलवर लो कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबा. माणसाच्या बोलण्यातलं काही त्यानं हरवत नाही, पावलांची धपधप आणि ‘घूं’ जातं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे बेसला मिक्सरच्या मुख्य आउटऐवजी ऑक्समधून (मिक्सरच्या वेगळ्या जादा आउटमधून) सिग्नल द्यायचा आणि त्या ऑक्समध्ये फक्त पार्श्वसंगीत सोडायचं. मग माइक बेसपर्यंत पोचतच नाहीत आणि रंगमंचावरची घूं मुळातूनच जाते. नाटकासाठी मी दुसरी जोडणी करतच नाही.

शेवटी वेळ जुळवणं. पेट्या पुढे मधे आणल्या आणि टॉप मागे कडेला राहिले, तर दोघांचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो. एक मिलिसेकंद म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर. प्रोसेसरमध्ये (मिक्सर आणि पेट्यांमधल्या सिग्नलच्या डब्यात) डिले, म्हणजे आवाज थोडा उशिरा सोडायची सोय, असेल तर असं करा: वाटणीच्या सुरावर, समजा १०० हर्ट्झवर, टॉप आणि बेस दोन्ही वाजवा. हॉलच्या दोन-तृतीयांश मागे, मध्यरेषेच्या थोडं बाजूला कुणाला तरी बसवा. बेसची पोलॅरिटी उलटी करा. आता जो जवळ आहे त्याचा डिले हळूहळू वाढवा. एका आकड्यावर सूर जवळजवळ बुडेल. तिथे थांबा आणि पोलॅरिटी सुलटी करा. जिथे सगळ्यात जास्त बुडला तिथेच आता सगळ्यात जास्त भरेल. भरणारी जागा कानाला नीट सापडत नाही, बुडणारी लगेच सापडते, म्हणून हा उलटा रस्ता.

इक्वलायझरनं खड्डा भरायचा मोह आवरा. ६ डेसिबल वाढवायला चौपट वीज लागते आणि पुसला जाणारा सूर वाढवून पुसलाच जातो. घुमणारा सूर कमी करायला मात्र तो खुशाल वापरा.

सतत गुरगुर

लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेली तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे एक डीआय बॉक्स (सिग्नल जुळवणारा छोटा डबा) टाका, ग्राउंड लिफ्टच्या (सिग्नलच्या केबलची अर्थ तोडणाऱ्या) बटणासकट. नाही गेली तर सगळा साउंड एकाच बोर्डावरून घ्या, लाइटच्या डिमरपासून वेगळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुरगुर बेसच्या पेटीतच सगळ्यात ठसठशीत ऐकू येते. प्लगची अर्थिंगची पिन तोडणारा कुणी भेटला तर त्याला तिथेच थांबवा. गुरगुर जाईल, पण पेटीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती माइक धरलेल्या माणसातून जमिनीत जाईल.

इथे थांबा

माइकला किंवा पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करा आणि हॉलचा लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. प्रयोग उशिरा होईल, होऊ द्या. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर तेच.

अ‍ॅम्प्लिफायरचा प्रोटेक्ट दिवा सारखा लागतोय, जळका वास येतोय, पडदा हातानं हळूच दाबल्यावर आत घासल्यासारखा लागतोय: पेटी बाजूला ठेवा, भाडेवाल्याला फोटो पाठवा. उघडायची नाही, ती तुमची नाही.

पेटी छताला किंवा बाल्कनीला टांगायची कल्पना कुणी काढली, तर ते काम रिगिंग (वजन टांगायचं काम) करणाऱ्याचंच. रंगमंचाकडे जाणारा बेस मारण्यासाठी एक पेटी उलटी फिरवून डिले लावायची पद्धत आहे, पण तिला सारख्या मॉडेलच्या पेट्या, प्रोसेसर आणि मागे मोकळी जागा लागते. भिंतीला टेकलेल्या पेट्यांवर ती चालत नाही. ती जाणकारावर सोडा.

शेजारच्या इमारतीतून तक्रार आली तर आवाज मोजायचं मीटर दाखवून वाद घालू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० नंतरच्या बंदीतून बंद सभागृहातला, आतल्या आतला वापर वगळला आहे, पण भिंतीबाहेर जाणारा आवाज त्यात बसत नाही. शिवाय मीटर ज्या ‘ए’ मापानं मोजतो त्यात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलनं कमी धरला जातो. मीटरचा काटा शांत असतो आणि शेजाऱ्याची खिडकी थडथडत असते. पेट्या त्या भिंतीपासून दूर न्या. तरी थांबत नसेल तर ध्वनिरोधनाचं काम करणाऱ्याला हॉल दाखवावा लागेल.

आणि पेट्या कुठेही हलवल्या तरी तीच रांग, त्याच सुराला रिकामी राहत असेल, तर तो हॉलचा स्वतःचा दोष आहे. मोजणीचा माइक आणि सॉफ्टवेअर घेऊन येणारा साउंड इंजिनिअर लागेल. त्याला फोन करताना हॉलची लांबी-रुंदी-उंची, पेट्यांचं मॉडेल, आणि टेप लावलेल्या खुर्च्यांचा त्यावरच्या आकड्यांसकट एक फोटो पाठवा. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसेही.